‘मेर’चे खोटे सोयरे
फ्रेंच भाषेत समुद्राला ‘मेर’ म्हणतात. हा उच्चार कानी पडताच काही उत्साही मंडळी तो थेट संस्कृत ‘मरु’ला नेऊन भिडवतात आणि सभा टाळ्या वाजवते. अगस्तींनी समुद्र प्राशन केला. या मंडळींनी तो वाळवंटातून उपसला!

वस्तुतः ‘मेर’ आला लॅटिन ‘मारे’तून. जर्मन ‘मेअर’, रशियन ‘मोरे’, वेल्श ‘मोर’ हे त्याचे भाऊबंद. ‘पोमेरेनिया’ म्हणजे समुद्रालगतचा प्रदेश, हे नावही याच कुळातले. संस्कृतात मात्र त्याचा निर्विवाद आप्त आढळत नाही. यात न्यूनत्व कसले? फ्रेंचमध्ये आईलाही ‘मेर’च म्हणतात, आणि तो शब्द ‘मातृ’चा खराखुरा सोयरा आहे. ‘समुद्र’मधील ‘उद्’ ग्रीक ‘हुदोर’शी, इंग्रजी ‘वॉटर’शी नाते सांगतो. इतके अस्सल धन घरात असताना खोटी नाणी कशाला?

यास्काचार्यांनी निरुक्तात ‘समुद्र’ शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ती पर्याय म्हणून नोंदविल्या. आजचे व्यासपीठवीर एका उच्चारावर निकाल देऊन मोकळे होतात. मग ‘मरु’चा दावा खोडला जातो, आणि त्यासोबत ‘मातृ’विषयीचे सत्यही हास्यास्पद ठरविण्याची आयती संधी टीकाकारांना मिळते.