खिचडी कोणाच्या कष्टावर?



सकाळी घरची चूल विझवून ती शाळेत येते आणि तिथली चूल पेटवते. तांदूळ निवडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं, वाढणं, शेवटी पातेली घासणं, यातच दुपार होते. गावात विचारलं तर उत्तर मिळतं, "ती होय? ती खिचडी करते."

शाळेतलं हे जेवण मुलांना सहजासहजी मिळालेलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो तांदूळ ठेवला जाई. त्यातला मुलीच्या ताटात किती पडे, हे कोण पाहणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नहक्काच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शिजवलेलंच अन्न द्या. आज पाचवीपर्यंतच्या मुलासाठी रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे. २०२१ साली योजनेचं नावही बदललं.

बदललं नाही ते शिजवणारीचं मोल. केंद्राने २००९ साली तिच्यासाठी महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचे. राज्याने त्यात भर घातली, तरी ती रक्कम किमान वेतनाच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच तिला 'मजुरी' न म्हणता 'मानधन' म्हणतात. मजुरी म्हटलं की कायदा आला. मानधनात ना मान, ना धन.

आणि या हिशेबात आपणही आहोत. एका तालुक्यात या कामाचा समन्वय करताना तीन महिन्यांचं मानधन थकलं होतं. बचत गटाने भाजीसाठी, सरपणासाठी पदरचे पैसे घातले होते. बैठकीत एक जण म्हणाली, "उद्यापासून चूल बंद." मी चटकन बोलून गेले, "ताई, मुलं आपलीच आहेत ना?" ती म्हणाली, "मॅडम, तुमचा पगार थकलाय का?"

माझा पगार थकला नव्हता. घरात बाईच्या कामाला 'माया' म्हणून फुकटात काढतात, यावर मी शिबिरांतून तासन् तास बोलले आहे. त्या दिवशी मीच तिच्या मायेचा हवाला देऊन तिला गप्प करू पाहत होते.

मुलाचं पोट आणि बाईची मजुरी यांना एकमेकांसमोर उभं करू नका. उपाशी चुलीवर पोषण शिजत नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे बसणाऱ्या प्रत्येकीने पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत: स्वयंपाक करणारीचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले? गटाचं किती येणं बाकी आहे? धुराची चूल जाऊन गॅस कधी येणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि आम्हालाही कळवावीत.

आणि त्या बैठकीला तिलाही बोलवा. चहा करायला नव्हे, बोलायला.