गर्भस्राव, अश्रू आणि अर्धे दुपटे

गर्भस्रावानंतर रुग्णा आपल्याकडे येते, तेव्हा रक्तस्राव, गर्भाशयशुद्धी आणि पुढील गर्भधारणा या तीन गोष्टींचा विचार आपण तत्परतेने करतो. त्या दांपत्याचा शोक मात्र आपल्या केसपेपरवर येतच नाही. ही चिकित्सा अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ग्रंथाधार पाहू. मृतगर्भ बाहेर पडल्यानंतर द्यावयाच्या मद्यकल्पांची प्रयोजने चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात आली आहेत: गर्भकोष्ठाची शुद्धी, वेदनेचे विस्मरण आणि प्रहर्षण. यांपैकी पहिले आपण उचलले आणि उरलेली दोन विसरलो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अश्रूंचा वेग अधारणीय मानला असून, तो रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम उद्भवतात असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शोकाचा वेग मात्र धारणीय म्हटला आहे. काही वैद्यबंधू त्यावरूनच 'शोक आवरा' असा उपदेश करतात. आमच्या मते या दोन वचनांत विरोध नाही. शोकात वाहून जाऊ नये. पण अश्रूंना वाट हवीच.

ही वाट कधी हातांतून सापडते. चौदाव्या आठवड्यात गर्भ गमावलेली एक रुग्णा चार महिन्यांनी पतीसह आमच्याकडे आली. अरुची, भ्रम, अनिद्रा ही लक्षणे होती. आम्ही दीपन-पाचन दिले. उपशय मिळाला नाही. 'रडू नकोस, पुन्हा दिवस राहतील' असे घरच्यांनी बजावले होते आणि आम्हीही याहून वेगळे काही बोललो नव्हतो. तिसऱ्या भेटीत बाहेर बसलेल्या पतीला आम्ही आत बोलावले. तो म्हणाला, "डॉक्टर, हिने दुपटे शिवायला घेतले होते. तिला दिसू नये म्हणून मी ते माळ्यावर ठेवले आहे."

ते खाली काढा, एवढेच आम्ही सुचवले. रोज संध्याकाळी ती टाके घाली आणि तो सुईत दोरा ओवून देई. एका कोपऱ्यात त्याने खडूने लहानसे पाऊल काढले, ते तिने लाल दोऱ्याने भरले. त्या दिवशी दोघे प्रथमच एकमेकांसमोर रडली. पुढे हळूहळू तिला अन्नाची रुची आली. औषधे चालूच होती. त्यामुळे सारे श्रेय त्या दुपट्याला देण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

कलेच्या इतिहासातही असे एक दांपत्य आहे. 1932 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिचा गर्भ गेला. 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' या चित्रात तिने स्वतःला रुग्णशय्येवर रंगवले. हातातील लाल दोऱ्यांना गर्भ, गोगलगाय, श्रोणी अशा सहा वस्तू जोडलेल्या आहेत. तिचा पती दिएगो रिव्हेरा त्याच शहरातील कलासंग्रहालयात भित्तिचित्रे करीत होता. तेथील पूर्वेच्या भिंतीवर वनस्पतीच्या कंदात निजलेले अर्भक आहे. फ्रिडाच्या चित्रात सांत्वन नाही, आहे ते निखळ दुःख. पण मनात कोंडलेले ते दुःख चित्रात उतरल्यामुळे इतरांनाही पाहता आले.

वैद्यमित्रहो, कला हा औषधाचा पर्याय नव्हे आणि तिची सक्तीही करू नये. कोणी रांगोळी काढील, कोणी ओव्या रचील, कोणी अंगणात रोप लावील. कोणाला काहीच नको असेल, तर त्याचाही मान राखावा. झोप उडून निराशा वाढत असेल किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे येत असेल, तर विनाविलंब मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मात्र केसपेपरवर एक ओळ आपण आजच वाढवू शकतो: 'पतीशी बोलणे झाले का? दोघांना रडता आले का?' हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या त्या रुग्णेला ते विचारायला आम्ही तिसऱ्या भेटीपर्यंत थांबलो, याची खंत आम्हांस आजही आहे.