पाइप गळला की पगार कुणाचा कापायचा?

दुबईतल्या टॉवरमध्ये वरच्या फ्लॅटचं पाणी खालच्याच्या सिलिंगवर उतरलं की भांडण ठरलेलं. फ्लॅटमालक म्हणतो, लाइन बिल्डिंगची आहे, मी सर्व्हिस चार्ज भरतो. मॅनेजमेंट कंपनी म्हणते, गळती फ्लॅटच्या आतली. बिल्डर हँडओव्हरची तारीख दाखवतो. आणि मग सगळ्यांची बोटं वळतात ती ज्याने शेवटचा पाना फिरवला त्या प्लंबरकडे.

वास्तविक सामाईक मालकीच्या इमारतींसाठी दुबईत २०१९ चा कायदा क्रमांक ६ आहे. उभे राइझर, मुख्य ड्रेनेज, पंप, टाक्या हे सामाईक. त्यांचा खर्च सर्व्हिस चार्जमधून. एकाच फ्लॅटपुरती जोडणी त्या मालकाची. हँडओव्हरपासून १ वर्ष प्लंबिंगमधला दोष बिल्डरने दुरुस्त करायचा, सांगाड्याची जबाबदारी १० वर्षं. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर देखभाल घरमालकाकडे. म्हणजे गळती नेमकी कुठे, हे ठरलं की खर्च कुणाचा तेही बरंचसं ठरतं. पण ते शोधायला टाइल फोडावी लागते, आणि फोडायचा खर्च कुणालाच नको असतो! त्यापेक्षा प्लंबरला ऑफिसात बोलावून कागदावर सही घेणं स्वस्त पडतं.

त्या कागदाबद्दलच बोलायचंय. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात (क्रमांक ३३, कलम २५) नुकसानीपोटी पगार कापायची मुभा आहे, पण कधी? कामगाराच्या चुकीमुळे कंपनीच्या मालकीची हत्यारं, मशीन किंवा माल खराब झाला तर, आणि तेही त्याच्या लेखी संमतीने. दुसऱ्याच्या फ्लॅटचं सिलिंग हा काही कंपनीचा माल नव्हे. आणि सगळ्या कपाती मिळून अर्ध्या पगाराच्या वर जाता येत नाही. सही मागतात ती यासाठीच. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणत आपल्याच माणसांनी आपल्या पोरांकडून सह्या घेतलेल्या मी पाहिल्यात.

तेव्हा भावांनो, काम सुरू करण्याआधी फोटो काढा, झाल्यावरही काढा. कुठला व्हॉल्व्ह बदलला ते जॉब कार्डवर लिहा, प्रेशर टेस्ट केली असेल तर तेही, आणि फ्लॅटमधल्या माणसाची सही घ्या. सुपरवायझर मंडळींनी हे कार्ड रोज तपासलंच पाहिजे, ते आपलं काम आहे. वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, आधी त्याची प्रत मागा. तरीही पगार कापला, तर कामगार मंत्रालयाकडे म्हणजे ‘मोहरे’कडे तक्रार करता येते, त्यांच्या ॲपवरूनसुद्धा.