न विचारलेला प्रश्न : ‘रीटा वेलिणकर’ आणि मिळवत्या मुलीची आई

शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीवर मराठीत जे बोलले जाते ते बहुधा रीटा आणि साळवी यांच्याविषयी असते. अविवाहित, नोकरी करणारी स्त्री. तिचे वरिष्ठ असलेल्या विवाहित पुरुषाशी वर्षानुवर्षे चाललेले नाते. अखेर तिचे मानसिक कोसळणे. एवढे सांगितले की कादंबरी ‘स्त्रीवादी’ या खणात ठेवायला आपण मोकळे होतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला त्या खणात जागा आहे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु साळवी हा या कादंबरीतील दुय्यम प्रश्न आहे, आणि मूळ प्रश्न रीटाच्या घरात, तिच्या आईवडिलांपाशी, आणि त्यातही आईपाशी आहे, असे आमचे मत आहे. ते येथे मांडावयाचे आहे.

रीटा ही थोरली मुलगी. आईवडील दोघेही संसाराचा भार पेलण्यास असमर्थ, पाठीवर बहिणी. अठराव्या वर्षी घराचा भार तिच्यावर येतो आणि मग तो उतरतच नाही. साळवी तिच्या आयुष्यात येतो तो यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. जिला घरात कोणी मुलगी म्हणून वागवले नाही ती बाहेर कुठेतरी आधार शोधणार, हे समजण्यास मानसशास्त्राची मोठी पोथी उघडावी लागत नाही. पण आम्हांला अधिक कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. मुलीच्या पगारावर चाललेल्या घराला तिच्या संध्याकाळीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार उरतो काय? आणि अधिकार उरला तरी तशी इच्छा उरते काय? विचारले तर ती उत्तर देईल. उत्तर दिले तर काहीतरी करावे लागेल. काही केले तर महिन्याच्या पैशांचे काय?

कौटुंबिक गुपित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुलूपबंद पेटी, जुने पत्र, मृत्युशय्येवरचा कबुलीजबाब असले काहीतरी येते. लोकप्रिय कादंबऱ्यांनी आणि दूरचित्रवाणी मालिकांनी आपल्याला ही सवय लावली आहे. मिळवत्या मुलीच्या घरातील गुपित या जातीचे नसते. ते बहुतेकांना अर्धेमुर्धे ठाऊक असते; फक्त त्याला शब्द द्यायचा नाही, असा मूक करार झालेला असतो. या कराराची राखण बहुतेक वेळा आई करते, कारण घर मोडू न देणे हे तिचेच काम मानले गेलेले असते. तिला दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि निरुपयोगीही.

येथे मराठी वाचकाला मागे, १९३३ पर्यंत, जावे लागेल. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह त्या वर्षी आला आणि मोठा गहजब झाला. निषेधाच्या सभा झाल्या. लेखिका कोण, हेही तेव्हा गुपितच होते. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढे मालतीबाई बेडेकर, हे नाव वाचकांना नंतर कळले. त्या संग्रहातील एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. शिकलेली, मिळवती, अविवाहित मुलगी आणि तिच्या मिळकतीवर विसंबलेले घर, हा विषय मराठीत तेथे स्पष्टपणे उभा राहिला. सत्तावन्न वर्षांनी रीटा तोच प्रश्न घेऊन येते. मात्र शीर्षकातील ‘बाबांचा’ हा शब्द आम्हांला दर वेळी अडवतो. संसार बाबांचा, मग आई त्यात कोण? भागीदार, की तीही एक आश्रित? मुलीच्या तक्रारीच्या कागदावर तिचे नाव लिहायला आपली भाषा कचरत आली आहे.

कचरण्याची कारणे आहेत. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि तिने आईचे जे चित्र घराघरांत टांगले ते मुलाने, म्हणजे पुत्राने, पाहिलेल्या आईचे आहे. शाळेतील निबंधाच्या वहीत मुलीदेखील तीच आई लिहितात, स्वतःची लिहीत नाहीत. मुलीच्या आईसाठी मराठवाड्याला जात्यावरच्या ओव्यांची फार मोठी परंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी त्या संकलनासाठी आयुष्याची वर्षे दिली. परंतु तेथे बोलणारी लेक बहुधा सासरी असते आणि आई दूर असते. दुरावलेल्या आईवर माया करणे जमते. एकाच छपराखाली राहून, तिच्या हाती पगार देऊन, तिच्याशी बोलणे न जमणाऱ्या मुलीची ओवी आम्हांला तरी आठवत नाही. जात्यावर बसणाऱ्या लेकीला पगार नव्हता, हे त्याचे साधे कारण असावे.

आम्ही हे टेंभुर्णीत बसून लिहीत आहोत. (सोलापूर जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील प्रसिद्ध टेंभुर्णी ही नव्हे, जालना जिल्ह्यातील, जाफराबाद तालुक्यातली आमची.) इकडच्या विद्यार्थ्यांपुढे ‘रीटा वेलिणकर’ ठेवण्यावर नेहमीचा आक्षेप असा की ही मुंबईची कादंबरी आहे, ते कार्यालय, ते इंग्रजी वळण, ती मैत्रीण सरस्वती, यांच्याशी आमच्या मुलींचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो वर्गातल्या मुलींना शिक्षकांच्या आधी कळतो. वाळूजच्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला गेलेली, जालन्याच्या दवाखान्यात नर्स असलेली, पतसंस्थेत कारकून असलेली थोरली बहीण पुष्कळांच्या घरी आहे. धाकट्याची फी, वडिलांचे पीककर्ज, मधलीचे लग्न, हे सारे तिच्या खात्यातून जाते. आणि आई चारचौघींत कौतुकाने सांगते, “ही माझी पोरगी नाही, पोरगाच हाय.”

या वाक्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. मुलीला मुलगा म्हणण्यात गौरव आहे, हे खरे. पण त्या गौरवात तिच्याविषयीचे किती प्रश्न परस्पर रद्द होतात! थकलीस का, कुणी आवडतो का, तुझ्या लग्नाचे काय, रात्री परतताना भीती वाटते का, हे ‘पोरग्याला’ कोण विचारणार? शिवाय खऱ्या पोरग्याच्या नावावर शेत चढते. या पोरग्याच्या नावावर फक्त हप्ते चढतात. रीटाचे मुंबईतले घर आणि जाफराबादकडचे घर यांत पोशाखाचा आणि भाषेचा फरक आहे, हिशेब तोच आहे.

‘रीटा’च्या पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ रंगभूमीवर आले. दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांची नाट्यवाटचाल औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) ‘जिगीषा’तून सुरू झालेली, म्हणून आम्हांला या नाटकाविषयी थोडा घरचा अभिमान आहे. तेथे उलट आहे. विवाहाबाहेरचे नाते आईचे आहे, ती ते लपवीत नाही, आणि तिच्या तीन मुली त्या उघडेपणात वाढलेल्या आहेत. त्या मुलींची दुःखे कमी आहेत असे मुळीच नाही. पण त्या आईशी भांडू शकतात. भांडता येणे ही केवढी सोय आहे हे ‘रीटा’ शेजारी ठेवून वाचल्यावर कळते.

आणखी एक दुवा आहे. ‘रीटा वेलिणकर’वर २००९ मध्ये ‘रीटा’ हा चित्रपट निघाला. दिग्दर्शन रेणुका शहाणे यांचे, म्हणजे लेखिकेच्या कन्येचे. रीटा पल्लवी जोशी, साळवी जॅकी श्रॉफ. आईच्या कादंबरीला मुलीने हात घालणे ही आपल्याकडे विरळा घटना. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच ‘त्रिभंग’ केला. त्यात नयन आपटे ही नामांकित मराठी लेखिका आहे; लेखनासाठी सासर सोडून मुलांना घेऊन ती बाहेर पडते. तिची मुलगी अनू हिच्यावर त्याच घरात, आईच्या जोडीदाराकडून, लैंगिक अत्याचार होतो. लिहिणाऱ्या आईला ते दिसत नाही. या चित्रपटात लेखिका-आईचे चरित्र शोधणाऱ्यांची गर्दी झाली. आम्हांला ती चौकशी असभ्य वाटते आणि समीक्षेच्या दृष्टीने वांझोटीही. कलाकृतीने काय केले ते पाहावे.

‘त्रिभंग’ने एक गोष्ट फार नेमकी केली आहे. नयन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे. तिचे म्हणणे अनूपर्यंत पोहोचते ते चरित्रलेखकाजवळच्या ध्वनिचित्रमुद्रणातून. मायलेकींचे समोरासमोर बोलणे होतच नाही. सोपा रडका समेट दिग्दर्शिकेने नाकारला, हे धाडस आहे. त्या मानाने अभंग, त्रिभंग, समभंग ही तीन पिढ्यांची वाटणी पात्राच्या तोंडून समजावून सांगणे आम्हांला अनावश्यक वाटले. प्रेक्षकाला थोडे काम ठेवायला हरकत नव्हती. आणि मराठी लेखिकेची ही गोष्ट मुख्यतः हिंदीत घडते, याची रुखरुख लागते ती लागतेच.

पण महत्त्वाचे असे की १९३३ आणि १९९० मध्ये हिशेब मांडणारी मुलगी होती. २०२१ मध्ये प्रथमच आईला कॅमेऱ्यापुढे बसवून तिची बाजू नोंदवली गेली. नयन स्वतःची चूक सांगते, कारणेही सांगते, आणि कारणांमुळे चूक लहान होत नाही. मराठी कादंबरीत ही आई अजून यायची आहे. रीटाच्या आईच्या तोंडून ‘रीटा’ची गोष्ट सांगितली तर ती कशी होईल? मुलगी कुठे जाते हे तिला कधी कळले, कळल्यावर तिने चूल पेटवली की दिवा मालवला, पैसे हाती घेताना तिची नजर कुठे होती? पदव्युत्तर वर्गाला लघुप्रबंधासाठी ‘रीटा वेलिणकरमधील स्त्रीवाद’ हा विषय पुन्हा एकदा देण्याऐवजी या आईच्या जबानीतली चार पाने लिहून आणावयास सांगावीत. थोरल्या बहिणी असलेल्या मुली ती पाने कशी लिहितात, हे वाचावयास आम्ही उत्सुक आहोत.