तुळशीवरील कोळी

गेल्या भाद्रपदांत, छत्रपती संभाजीनगरांतील औरंगपुऱ्याच्या आमच्या घरीं, तुळशीस पाणी घालतांना नातीनें हांक मारली. मंजिरीवर मधमाशी बसली होती, पण हालत नव्हती. चष्मा सावरून पाहिलें तों तिच्या मानेशीं एक कोळी! तुरीच्या दाण्याएवढा, पुढील अंग शेंदरासारखें तांबडें, पोट काळें व त्यावर पांढुरके ठिपके. पुढचे लांब पाय त्यानें दोहों बाजूंस पसरले होते. जवळपास जाळ्याचा मागमूसहि नव्हता.

वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आम्हांस मात्र पस्तीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. अमरकोशांतील लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ व मर्कटक हे कोळ्याचे पर्याय आम्ही शिकवीत होतों. ज्याच्या नाभींत लोंकर तो ऊर्णनाभ, तंतु विणतो तो तंतुवाय. तेव्हां जाळें विणून भक्ष्य धरणें हाच कोळ्याचा धर्म, असें आम्हीं ठासून सांगितलें. तोंच मागल्या बांकावरून एक मुलगा उठला. "गुरुजी, आमच्या शेतांत एक कोळी फुलावर बसून माशी धरतो. जाळें करीत नाहीं." "अरे, मग तो खेकडा असेल!" असें म्हणून आम्हीं सारा वर्ग हसविला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां कांहीं विचारिलें नाहीं.

आणि या कोळ्यांस खेकडा-कोळीच म्हणतात! ते खेकड्यासारखे आडवे चालतात. आमच्या अंगणांतला पाहुणा रूपावरून त्यांच्यांतील कॅमॅरिकस या प्रजातींतला दिसतो. थोरेल या स्वीडिश पंडितानें १८८७ सालीं ब्रह्मदेशांतील कोळ्यांचें वर्णन करतांना ही प्रजाति स्थापिली. पुढें टिकादर यांनीं १९८० सालीं तिच्यांतील एका जातीस आपल्या खंडाळ्याचें नांव दिलें.

खेकडा-कोळी दबा धरून बसतो, माशी टप्प्यांत येतांच पुढच्या पायांनीं कवटाळतो, विषारी दंश करतो व आंतील रस शोषून घेतो. वरचें कवच शाबूत राहतें, म्हणून मेलेली माशी जिवंत भासते. याचे कांहीं भाऊबंद फुलाप्रमाणें पांढऱ्याचे पिवळेहि होतात. यास मात्र लपण्याची हौस दिसत नाहीं. तंतु यालाहि सुटलेला नाहीं. मादी अंड्यांभोंवतीं रेशमी पिशवी विणते, आणि चालतांना मागें एक धागा सोडलेला असतो. तेव्हां अमरसिंह चुकला नाहीं. 'भक्ष्य धरणें' हें शेपूट आमच्या पदरचें.

तुळशीवर हत्या नको म्हणून घरांतून कुंचा बाहेर आला होता. आम्हीं तो परत पाठविला.

तो विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें आम्हांस एक कार्ड अवश्य टाकावें. त्याच्या शेतांतला कोळी कोणत्या रंगाचा होता, हें विचारावयाचें राहून गेलें आहे.