पेढीचे नवे दार



पेढीची पत पूर्वी दारातील पाटी, वजनकाटा आणि मालकाचे बोलणे यांवरून ठरत असे. आता पुष्कळ गिऱ्हाइके प्रथम पेढीच्या संकेतस्थळावर येतात. ही पाने बांधण्याचे काम आपल्या घरातील शिकलेली मुले-मुलीही करू लागली आहेत. पडद्यावर जे दिसते, वाचता येते, दाबता येते, ती या विद्येची दर्शनी बाजू. तिलाच फ्रंट-एंड म्हणतात. हे दार बांधताना नजरेसमोर कोण असावे, हा खरा प्रश्न आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मॉइल कंपनीच्या भूमिगत मॅंगनीज खाणीचे गाव. समजा, तेथील एक कामगार पाळी संपल्यावर तुमसरच्या दुकानातील पाण्याच्या पंपाची किंमत पाहत आहे. हाती साधा फोन, डेटा मोजका, भाषा मराठी. शहरातल्या मोठ्या पडद्यावर देखणे दिसणारे पान त्याच्या फोनवर उघडलेच नाही, तर दुकानाचे दार त्याच्यापुरते बंदच राहिले. म्हणून पान आधी त्याच्यासाठी बांधावे.

पहिली गोष्ट भाषेची. दरपत्रकाचे नुसते छायाचित्र लावू नये; मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. तसा मजकूर शोधयंत्राला सापडतो आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनला वाचून दाखवता येतो. एचटीएमएलच्या मूळ खुणेत ‘लँग’ या गुणधर्मापुढे ‘एमआर’ लिहावे. फॉन्टमध्ये सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ मग मराठी वळणाने उमटतात. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी अधिक ठेवावी, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत नाहीत. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला ‘एमआर-आयएन’ सांगितले, की रक्कम १,२५,००० अशी आपल्या लाखाच्या रीतीने दिसते.

दुसरी गोष्ट परिग्रह-परिमाणाची. श्रावकाने संग्रहाला मर्यादा घालावी, तशीच ती पानालाही घालावी. छायाचित्र जेवढे दिसणार, तेवढ्याच मापाचे करून वेबपी स्वरूपात ठेवावे. त्याची रुंदी व उंची आधीच नोंदवावी. एरवी चित्र उशिरा उतरते, मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडते. खालच्या चित्रांना ‘लोडिंग’ या गुणधर्मात ‘लेझी’ लिहावे. फॉन्टच्या दोन जाड्या पुरेत. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिल्यास फॉन्ट उतरण्याची वाट न पाहता मजकूर वाचता येतो. अक्षर व पार्श्वभूमी यांतील भेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना ताण पडत नाही.

तिसरी गोष्ट सचोटीची. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरणे हा एक दोष सांगितला आहे. गिऱ्हाइकाने न मागितलेल्या सेवेच्या चौकोनात आधीच केलेली खूण, शेवटच्या पानावर अचानक वाढणारी रक्कम, ‘फक्त २ नग शिल्लक’ अशी खोटी घाई, ही पडद्यावरची खोटी मापेच होत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. ग्राहकाच्या अनुमतीचा चौकोन रिकामा असावा आणि वाहतूकखर्चासह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दिसावी. अशी रचना करण्यास सांगितले गेले, तर बांधणाऱ्या मुलाने अथवा मुलीने नम्रपणे नकार द्यावा, आणि घरातील मोठ्यांनी त्या नकाराचा मान राखावा.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून पाहावे. मग घरातला सर्वांत जुना फोन आजीच्या हाती द्यावा आणि एका वस्तूची किंमत शोधायला सांगावे. त्या जेथे अडतील, तेथे दुरुस्ती करावी.