बाहेर पडू द्या त्या लेकराला!



नात्यातले लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो की साधा आठवडी बाजार, सगळी वस्ती घराबाहेर पडते. पण एखाद्या घराचे दार बंदच राहते. आत आई असते आणि तिचे ते मूल असते. बाजारात नेले की अंग टाकून देणारे, बसमध्ये किंचाळणारे, हात सोडून रस्त्यावर धावत सुटणारे, न्हाव्याच्या खुर्चीत बसवले की डोके आपटणारे. "आईने लाडावून ठेवलंय," असे म्हणून लोक मोकळे होतात. कुणी सांगतो, दोन थोबाडीत द्या. कुणी बुवाकडून गंडा बांधून आणतो. शेवटी आई बाहेर जाणेच सोडते. कामावर खाडे पडतात, भावंडांचे फिरणेही बंद होते. शिक्षा साऱ्या घराला होते!

अशा मुलांपैकी कुणी स्वमग्न असते, कुणाला बौद्धिक अक्षमता असते, कुणी अतिचंचल असते. कुणाला ऐकू कमी येते आणि ते कुणाच्या ध्यानातच आलेले नसते. ज्याला बोलून सांगता येत नाही, ते मूल अंगाने सांगते. लाऊडस्पीकरचा आवाज, गर्दीचा धक्का आपण सहज सोसतो. काही स्वमग्न मुलांना तो असह्य होतो. त्यावर मार हा उपाय नाही आणि गंडा तर नाहीच. उपाय आहे शिकवण्याचा. त्यालाच वर्तनोपचार म्हणतात.

वर्तनोपचारात पहिला प्रश्न असा असतो : असे वागून या मुलाला काय मिळते? उत्तर बहुधा चारांपैकी एक निघते. हवी ती वस्तू मिळते, नको त्या जागेतून सुटका होते, माणसांचे लक्ष मिळते, किंवा त्या हालचालीनेच शरीराला बरे वाटते.

एक उदाहरण घेऊ. पाच वर्षांचे मूल किराणा दुकानासमोर लोळण घेते. लोक बघू लागतात. आई शरमेने वेफर्सचे पाकीट त्याच्या हातात देते आणि मूल गप्प होते. त्या क्षणी दोघेही काहीतरी शिकतात. लोळलो की पाकीट मिळते, हे मूल शिकते. पाकीट दिले की सुटका होते, हे आई शिकते. आईला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्या जागी आपणही तेच केले असते. पण पुढच्या वेळची लोळण ठरलेलीच!

तेव्हा पहिले काम वहीचे. दुकानाची रोजकीर्द लिहितात तशी दहा-बारा दिवस ही वही लिहा. तीन रकाने पाडा : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर घरच्यांनी काय केले. आईला लिहिणे जमत नसेल तर मोठ्या भावंडाने लिहावे. त्रास गर्दीच्या वेळीच होतो की भुकेच्या वेळी, दुकानाजवळच होतो की रस्त्यावरही, हे वहीतून दिसू लागते.

दुसरे काम पायऱ्या पाडण्याचे. एकदम बाजारात नेऊ नका. आधी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत या. ते शांतपणे जमले की दुकानापर्यंत जा, काही न घेता परत या. मग दुपारी गर्दी नसताना एकच वस्तू घ्या. एक पायरी चारपाच वेळा नीट जमली की मगच पुढची. न्हाव्याचेही तसेच. पहिल्या दिवशी नुसते दारातून बघायचे, मग खुर्चीत बसायचे, मग कंगवा, आणि कात्री सर्वांत शेवटी.

तिसरे, निघण्यापूर्वी सांगा. बोलणे कळत नसेल तर चित्रे दाखवा : चप्पल, दुकान, घर. वाक्य छोटे ठेवा, "आधी दुकान, मग झोका." आणि दिलेला शब्द पाळा. मूल हात धरून चार पावले नीट चालले तर तिथल्या तिथे म्हणा, "वा! छान हात धरलास." बक्षीस चांगल्या वागण्यानंतर लगेच द्यावे, रडे थांबवण्यासाठी देऊ नये. पाकीट हवेच असेल तर ते बोट दाखवून किंवा "दे" म्हणून मागायला शिकवा. मागण्याचा सोपा रस्ता सापडला की लोळण्याची गरज कमी होते.

इथे एक इशारा. लोळल्यावर पाकीट मिळणे बंद झाले की सुरुवातीला रडणे वाढते. त्या वेळी घरातल्या कुणी कंटाळून पाकीट दिले तर मूल आणखी जोरात रडायला शिकते. म्हणून आजीपासून बापापर्यंत सगळ्यांनी एकच नियम पाळावा. मात्र मूल आवाजाने, गर्दीने घाबरून गेले असेल तर तो हट्ट नव्हे. अशा वेळी त्याला शांत जागी न्या आणि पुढच्या खेपेला पायरी लहान करा. वागणे अचानक बिघडले असेल तर आधी कान, दात, पोट डॉक्टरांना दाखवा.

या शास्त्राचा इतिहासही माहीत असावा. अमेरिकेत इव्हार लोवास यांनी 1987 साली स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचाराचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 19 मुलांना आठवड्याला सुमारे 40 तास शिकवले होते. पण त्या काळच्या पद्धतीत ओरडणे आणि चापट मारणेही होते. त्यावर पुढे कडक टीका झाली. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनीही सांगितले, आम्हाला इतरांसारखे दिसायला भाग पाडू नका. ते रास्तच आहे. मूल हात हलवते, गोल फिरते, कुणाला इजा होत नाही, तर ते खुशाल करू द्यावे.

आठवड्याचे 40 तास आपल्या कष्टकरी घराला कुठून परवडणार? पण अमेरिकेतच 2015 साली 180 स्वमग्न मुलांच्या पालकांचा अभ्यास झाला. ज्या पालकांना नुसती माहिती दिली, त्यांच्यापेक्षा ज्यांना 24 आठवडे अशा युक्त्या शिकवल्या त्यांच्या मुलांचा त्रागा जास्त कमी झाला. मुले 3 ते 7 वर्षांची होती. म्हणजे शिकलेले आईबाप हाच मोठा आधार!

शिकायचे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढे डीईआयसी नावाच्या जिल्हा केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, 1995 च्या कायद्यात ती नव्हती. प्रमाणपत्र जरूर काढा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे.

त्याच 2016 च्या कायद्याचे कलम 92 सर्वांनी ध्यानात ठेवावे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्याला 6 महिने ते 5 वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. भर रस्त्यात अपमान होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आणि शेजाऱ्यांना विनंती. रस्त्यात एखादे लेकरू लोळताना दिसले तर घोळका करू नका, आईला उपदेश करू नका. थोडी जागा द्या, तिची पिशवी धरा. दुकानदारबंधूंनी तिला रांगेत पुढे घ्यावे. दार उघडून त्या मायलेकरांनी उद्या चार पावले टाकली, तर ती नीट पडावीत एवढे तरी आपल्या हाती नक्कीच आहे.